बांधावरच्या गप्पा : रिकामी खाण, राख आणि धूर



पेव ठाऊक आहे ना? ज्वारीचं म्हणा, हळदीचं म्हणा, जमिनीत खोल खणलेलं कोठार. तरुण मंडळींनी पाहिलं नसेल तर घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. पेवाचं तोंड उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. बराच वेळ ते उघडं ठेवायचं, मग दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर समजायचं, तळाशी जड हवा बसली आहे. साठवलेलं धान्यही श्वास घेतं. त्याने सोडलेला कर्बवायू हवेपेक्षा जड, म्हणून तो खाली साचून राहतो.

हा कंदील आठवला तो वणी तालुक्यातल्या एका वाचक बंधूंच्या पत्रामुळे. त्यांच्या शिवाराला लागून असलेली उघडी कोळसाखाण बंद पडली आहे. तिच्यात वीजकेंद्राची राख भरणार अशी चर्चा गावात आहे. पारावर कुणी असंही म्हणतं की पुढे चिमणीतला धूरही तिथेच पुरणार. ते विचारतात, ‘आमच्या विहिरींचं काय?’

प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. पण राख आणि धूर ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. ती एका दावणीला बांधू नका.

आधी थोडा हिशेब. आपल्याकडच्या कोळशात राखच फार. एक टन जाळला की तीन ते चार क्विंटल राख उरते. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण ताकदीने चालला तर दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा खातो. म्हणजे रोजची अडीच हजार टनांच्या आसपास राख झाली. ती कुठेतरी ठेवावी लागतेच. आजवर बरीचशी पाण्यात कालवून राखबंधाऱ्यात सोडली गेली. बंधारा फुटला की काय होतं ते नागपूरकडच्या लोकांना विचारा. २०२२ च्या जुलैत कोराडी वीजकेंद्राचा खसाळ्याचा बंधारा फुटला आणि राखेचं पाणी शेतांत, नाल्यांत शिरलं.

सरकारने राखेच्या वापराबद्दल पहिली अधिसूचना १९९९ साली काढली. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेत सगळीच्या सगळी राख वापरण्याची सक्ती आली. सिमेंट, विटा, रस्ते, आणि रिकाम्या खाणी भरणं हेही वापरातच मोडतं.

खाण भरण्यात चांगलं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. भुयारी खाणीत कोळशाचे खांब ठेवून मधला कोळसा काढतात. वर्षं गेली की खांब झिजतात आणि वरची जमीन बसते. २०२२ च्याच ऑगस्टमध्ये घुग्घुसला एक राहतं घर जमिनीत गडप झालं. त्याच्याखाली जुनी खाण होती. अशा पोकळीत पूर्वी नदीची वाळू पाण्याबरोबर सोडून भरत. वाळूऐवजी राख भरली तर छताला आधार मिळतो आणि नदीही वाचते.

पण पत्रातली खाण उघडी आहे, आणि तिथे मामला बदलतो. उघडी खाण म्हणजे भूजलाच्या पातळीखाली गेलेला प्रचंड खड्डा. पंप बंद झाले की तो पाण्याने भरतो. ते पाणी तुमच्या विहिरीच्या झऱ्यांशी जोडलेलं असू शकतं. राखेत आर्सेनिक, बोरॉन, सेलेनियम असे पदार्थ थोड्या प्रमाणात असतात, आणि राख पाण्यात मुरत पडली की ते हळूहळू सुटतात. चहाची पुरचुंडी पाण्यात ठेवावी तसंच. किती सुटतील, कुठल्या दिशेला जातील, हे त्या जागेचा खडक आणि पाण्याचा उतार ठरवतो. म्हणून ‘राख निरुपद्रवी आहे’ असं नुसतं तोंडी सांगणाऱ्यावर विसंबू नये.

आता धूर. इथे मात्र पारावरच्या बातमीला घाबरायचं कारण नाही, कारण गणितच जुळत नाही. जळताना कोळसा हवेतला प्राणवायू घेतो, त्यामुळे एक टन कोळशातून दीड टनाच्या आसपास कर्बवायू निघतो. कोळशाने खाणीत जेमतेम पाऊण घनमीटर जागा अडवलेली असते. तेवढ्याचा वायू मोकळा सोडला तर सुमारे आठशे घनमीटर! दाबून दाबून द्रवासारखा घट्ट केला तरी मूळ खड्ड्याच्या तिप्पट जागा लागते. राख त्याच खड्ड्यात मावते, धूर मावत नाही. शिवाय वायू असा घट्ट राहायला साधारण ८०० मीटर खोली आणि वर अभंग खडक लागतो. उघड्या खाणीला तर छतच नाही, आणि जुन्या भुयारी खाणींना विहिरी, बोअर, भेगा अशी शंभर तोंडं. नॉर्वेत १९९६ पासून समुद्रतळाच्या खाली सुमारे हजार मीटरवर हा वायू भरतात, पण तो सच्छिद्र वाळूच्या खडकात, खाणीत नव्हे.

भिंतीला दिलेला चुना हाच वायू हवेतून घेऊन कडक होतो. त्यावरून राखेलाच वायू पाजावा अशीही एक युक्ती आहे. पण आपल्या राखेत चुना कमी. ती फारसं पिणार नाही.

निसटलेला वायू काय करतो? आफ्रिकेत कॅमेरून देशातल्या न्योस तळ्याच्या तळाशी साचलेला कर्बवायू १९८६ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री उसळून वर आला आणि उतारावरच्या खेड्यांत शिरला. सुमारे सतराशे माणसं आणि हजारो गुरं दगावली. म्हणून असल्या वायूला गावाजवळ उथळ जागी कोंडण्याचं कुणी बोललं, तर आपल्या पेवातला कंदील आठवावा.

तेव्हा वणीच्या बंधूंनो, राखेची पहिली गाडी येण्याआधीच कामाला लागा. खाणीच्या चारी बाजूंच्या विहिरींचं पाणी एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर तपासून घ्या. साध्या तपासणीत जड धातू बहुधा धरत नाहीत. आर्सेनिक, बोरॉन, सेलेनियम ही नावं प्रयोगशाळेला सांगून लिहून द्या. अहवालावर विहिरीचा गट क्रमांक आणि तारीख असू द्या. एक प्रत ग्रामसभेच्या इतिवृत्ताला जोडा, एक घरी ट्रंकेत ठेवा. उद्या पाणी बिघडलं तर ‘ते आधीपासूनच तसं होतं’ हे पहिलं उत्तर येईल. भरताना खड्ड्याच्या तळाला आणि कडांना काय घालणार, आणि निरीक्षण विहिरी कुठे घेणार, हेही ग्रामसभेत लेखी मागा. उत्तर आलं की मला कळवा, इथे छापू.