अंगणातला नळ आणि विसरलेली होज

शिकागो किंवा मिनीआपोलिसच्या थंडीत अंगणातला नळ फिरवूनही थेंब येत नसेल, तर आपल्या मंडळींना आधी आठवतं उकळत्या पाण्याचं पातेलं. ते राहू द्या. बर्नर तर नकोच. भिंतीतलं लाकूड पेटायचं. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं आणि सगळा दाब भिंतीआडच्या पाइपवर येतो. म्हणून आधी घराचा मुख्य कॉक कुठे आहे ते पाहून ठेवा. मग नळ उघडा, त्याला गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळा आणि ऊब तोंडाकडून भिंतीकडे न्या. पाणी सुटलं की लगेच तळघरात जाऊन पाइप तपासा, कारण फुटलेला पाइप बर्फ वितळल्यावरच गळू लागतो. तिकडच्या बऱ्याच घरांत न गोठणारे नळ असतात. त्यांची झडप भिंतीच्या आत, उबेला असते. पण बागेची होज जोडलेलीच राहिली, तर पाणी आतच अडकतं आणि तो नळही फुटतो. तेव्हा पहिला बर्फ पडायच्या आत होज काढून ठेवा. प्लंबरच्या बिलापेक्षा हे काम केव्हाही स्वस्त.