फोनवर ‘ऑफलाइन’ दिसलं म्हणजे रेकॉर्डिंग गेलं असं नाही



मासेमारीची बंदी १६ जूनला लागते अन् १५ ऑगस्टपर्यंत चालते. हे दोन महिने आपल्या बालाघाट जिल्ह्यात वैनगंगेवर काय अन् बावनथडीच्या राजीव सागरावर काय, डोंगे काठाला लागलेले असतात. जाळी, इंजिन, बर्फाच्या पेट्या घरी येतात. सगळं भांडवल मागच्या छपरीत पडून असतं. त्याच भीतीनं आपल्यातल्या बऱ्याच जणांनी घरी कॅमेरे लावले.

माझ्याकडेही चार आहेत. गेल्या पावसाळ्यात एका रात्री छपरीतून दोन जाळी गेली. सकाळी फोन उघडला तर ‘डिव्हाइस ऑफलाइन’. कॅमेरे बसवणाऱ्या पोराला फोन केला. तो येतो म्हणाला. येतो येतो म्हणत अठरा दिवस गेले. आला, वायर काढून परत लावली अन् पाच मिनिटांत फोनवर चित्र आलं. मी म्हटलं, आता त्या रात्रीचं दाखव. तर ते पुसून गेलेलं! डिस्क भरली की डबा सगळ्यात जुनं पुसतो अन् त्यावर नवं लिहितो. म्हणजे चोरीनंतरचे कितीतरी दिवस ते रेकॉर्डिंग माझ्याच घरात होतं. टीव्ही लावून पाहायचं, एवढंच मला ठाऊक नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं आहे की कॅमेरा घेतला त्या घरातल्या निदान दोन माणसांना हा डबा सांभाळता आलाच पाहिजे, अन् त्यातली एक घरची बाई असावी. आपण रात्री धरणावर असतो. घरी राहते ती बाई, म्हातारी माणसं अन् लेकरं. पासवर्ड मात्र आपल्या नाहीतर दुकानदाराच्या खिशात. याला काय अर्थ आहे?

काही जण म्हणतात, हे शिकलेल्यांचं काम. मला नाही पटत. जाळं फाटलं तर आपण कारागीर शोधत बसत नाही. कुठं तुटलं ते हातानं चाचपतो अन् तेवढंच विणतो. इथंही तसंच आहे, फक्त क्रम धरून पाहावं लागतं.

आधी एक गोष्ट पक्की समजा. कॅमेऱ्याच्या वायरीतून चित्र डब्यातल्या डिस्कवर जातं, त्याला इंटरनेट लागत नाही. नेट लागतं ते लांबून फोनवर पाहायला. नेट तुटलं तरी रेकॉर्डिंग चालूच असतं. ज्यांचे कॅमेरे वायफायवर आहेत त्यांचं वेगळं. राउटर बंद पडला तर त्यांच्या डब्यापर्यंत चित्रच पोचत नाही.

आता क्रम.

१. फोनचं वायफाय बंद करून मोबाइलच्या नेटवर ॲप उघडा. मग घरातला दुसरा फोन बघा. एकाच फोनवर अडत असेल तर डब्याला हात लावू नका, गडबड त्या फोनची आहे.

२. डब्याला टीव्ही अन् माउस जोडा. चित्र दिसतं का, रेकॉर्डिंगची खूण आहे का, तारीख-वेळ बरोबर आहे का, हे पाहा. चोरी झाली असेल तर इथंच थांबा. आधी त्या रात्रीचं पेनड्राइव्हवर उतरवा, नेट मग बघू. एक टीबीच्या डिस्कवर चार कॅमेऱ्यांचं साधारण दहा-पंधरा दिवसांचं मावतं, सेटिंगप्रमाणे कमीजास्त.

३. डब्याच्या मागे नेटची वायर जिथं बसते तिथले दिवे पाहा. विझलेले असतील तर वायर दोन्ही टोकांनी काढून ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा. राउटरचं दुसरं भोक वापरा, दुसरी वायर लावून पाहा. उंदीर कुरतडतात, टोकाची चिमटी तुटते. पावसाळ्यात वीज पडली की त्या भोकाचं बोर्डही जळतं. तसं झालं तर मात्र मिस्त्रीच पाहिजे.

४. दिवे लागलेत तरी ऑफलाइन? मग फोन घरच्या वायफायवर घेऊन काहीतरी उघडा. नाही उघडलं तर दोष राउटरचा, नाहीतर रिचार्ज संपला. राउटर बंद करून चालू करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग डबा बंद करून चालू करा. आधी राउटर, मग डबा.

५. हेही झालं तर डब्याच्या मेनूत नेटवर्क उघडा. राउटर बदलल्यावर हमखास इथंच अडतं. जुना राउटर १९२.१६८.०.१ होता अन् नवा १९२.१६८.१.१ असेल, तर डबा जुन्याच पत्त्यावर बसून राहतो. ‘डीएचसीपी’ चालू करा, म्हणजे राउटर त्याला स्वतः पत्ता देईल. पत्ता सगळा शून्य किंवा १६९.२५४ नं सुरू होणारा दिसला तर समजा, राउटरकडून काहीच मिळालेलं नाही. परत वायर पाहा. पत्ता ठीक असून जमत नसेल तर डीएनएसच्या जागी ८.८.८.८ लिहा.

६. शेवटी क्लाउड किंवा ‘पीटूपी’ चालू आहे का ते पाहा. तिथं ‘ऑनलाइन’ आलं की फोनवर चित्र येतं. सिमवाल्या राउटरवर ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ची खटपट बहुतेक वेळा फुकट जाते, कारण तिथं एकच पत्ता बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलेला असतो. पीटूपी त्यावरही चालतं.

काय करू नये तेही सांगतो. घाईत डिस्क ‘फॉरमॅट’ करू नका, सगळं जाईल. पिन टोचून रिसेट करू नका. अन् फोनवरून कोणी पासवर्ड मागितला तर देऊ नका, बसवणाऱ्याच्या नावानं मागितला तरी. फसगत झालीच तर सायबर मदतीचा नंबर १९३० आहे.

कंपनीचा पासवर्ड तसाच ठेवणं हेही दार उघडं टाकण्यासारखंच. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसनं जगभरातले असे लाखो डबे, कॅमेरे अन् राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर अमेरिकेतल्या एका कंपनीवर हल्ला झाला अन् ट्विटर, नेटफ्लिक्स कित्येक तास कोलमडले. पासवर्ड आपला ठेवा, वहीत लिहा अन् ती वही पेटीत ठेवा.

आता कोर्टाचं. डब्यातलं कॉपी करून पुरावा म्हणून द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० ला हे स्पष्ट केलं. मूळ यंत्रच हजर केलं तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या साक्ष्य कायद्यात हीच अट कलम ६३ मध्ये आहे. म्हणून चोरी झाली की डबा उघडू नका, विकू नका, लगेच ठाण्यात सांगा. अन् घड्याळ बरोबर ठेवा. लाइट गेल्यावर तारीख मागं जात असेल तर आतला सेल संपला असेल. तारीख चुकली तर समोरचा वकील आधी तिथंच बोट ठेवेल.

बसवणाऱ्यावर माझा राग नाही. त्यालाही दहा गावं फिरावी लागतात. पण माझी जाळी त्याची वाट पाहण्यात गेली, अन् ती चूक माझी होती.

बंदी लागायच्या आधी सोसायटीच्या बैठकीत एक डबा अन् एक टीव्ही ठेवू. प्रत्येक घरून दोघांनी यावं. बायांनी नक्की यावं. अर्ध्या तासाचं काम आहे.