विश्लेषण : ‘टमी टक’नंतरचे सहा आठवडे घर कोण सांभाळणार?

दोन-तीन बाळंतपणांनंतर किंवा बरेच वजन घटवल्यानंतर पोटाची कातडी सैल पडते, लोंबते. व्यायामाने चरबी कमी होते, पण ताणून सैल झालेली कातडी काही मागे जात नाही. ती काढून पोट सपाट करणाऱ्या शस्त्रक्रियेला ‘अ‍ॅब्डोमिनोप्लास्टी’ किंवा बोलीभाषेत ‘टमी टक’ म्हणतात. समाजमाध्यमांवरील जाहिरातींत शस्त्रक्रियेआधीचे आणि नंतरचे, असे दोनच फोटो दिसतात. मधले सहा आठवडे दिसत नाहीत. सातारा-सांगलीकडच्या घरांत खरा प्रश्न त्या सहा आठवड्यांचाच आहे.

शस्त्रक्रियेत नेमके काय होते?

पूर्ण भूल देऊन साधारण दोन ते चार तास शस्त्रक्रिया चालते. ओटीपोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेतात, जादा कातडी व चरबी काढतात, बेंबी नव्या जागी बसवतात. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध एकमेकांपासून लांब गेलेले असतील, तर तेही टाके घालून जवळ आणतात. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी १८९९ मध्ये अशा प्रकारची शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे, म्हणजे हे तंत्र काही काल-परवाचे नाही. मात्र ही वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया नव्हे. वजन काही महिने स्थिर असावे आणि पुढे मूल नको हे नक्की असावे, असे डॉक्टर सांगतात ते त्यामुळेच. स्नायूंमधील फट कमी असेल तर आधी फिजिओथेरपी करून पाहणे शहाणपणाचे.

पहिल्या दोन आठवड्यांत काय अपेक्षित?

सुरुवातीला ताठ उभे राहता येत नाही. कातडी ताणून शिवलेली असते. सरळ झाले की सगळा ताण टाक्यांवर येतो. म्हणून काही दिवस कमरेत वाकून चालावे लागते आणि झोपताना पाठीमागे व गुडघ्यांखाली उशा घ्याव्या लागतात. खोकला, शिंक किंवा हसू आले तरी पोटावर उशी दाबून धरावी लागते. बद्धकोष्ठता होऊ देऊ नये, कारण कुंथण्याचा जोर आतल्या टाक्यांवर जातो.

कातडीखाली साचणारे पाणी बाहेर काढण्यासाठी बहुतेकदा नळ्या ठेवतात. रोज किती मिलिलिटर पाणी आले, हे वहीत लिहायचे असते. ते पुरेसे कमी झाले की नळी काढतात. याला एक-दोन आठवडे लागू शकतात. नळी काढल्यावरही पोटात पाणी डुचमळल्यासारखे वाटले, तर डॉक्टर सुईने ते काढतात. पोटाचा पट्टा बहुधा सहा आठवडे वापरावा लागतो.

‘विश्रांती’ म्हणजे खाटेवर पडून राहणे नव्हे, हे घरच्यांना आवर्जून सांगायला हवे. पायातील शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे हा या शस्त्रक्रियेतील सर्वांत गंभीर धोका. तो टाळण्यासाठी पहिल्या-दुसऱ्या दिवसापासूनच घरातल्या घरात थोडे थोडे चालायचे असते. पुण्यात शस्त्रक्रिया करून चौथ्या दिवशी सांगलीला निघणे, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर एका जागी बसणे, म्हणूनच घाईचे ठरते. पहिली तपासणी होईपर्यंत तिथेच राहावे. निघाल्यावर तासा-तासाला गाडी थांबवून पाय मोकळे करावेत. मिरजेत १८९४ पासून मिशन रुग्णालयाची परंपरा आहे, कराडलाही मोठी वैद्यकीय व्यवस्था आहे. शस्त्रक्रिया पुण्यात झाली तरी रात्री-अपरात्री गरज पडल्यास जवळच्या कोणत्या डॉक्टरांकडे जायचे, हे आधी ठरलेले हवे.

इकडच्या सवयींचे काय?

शहरी रुग्णांसाठी लिहिलेल्या सूचनापत्रकात ‘धूम्रपान बंद करा’ असे असते. मिश्री लावणाऱ्या बाईला ते आपल्यासाठी आहे असे वाटतच नाही. पण मिश्री म्हणजे तंबाखूच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, ताणलेल्या कातडीला रक्त पुरत नाही आणि जखमेची कड काळी पडू शकते. शस्त्रक्रियेआधी व नंतर किमान चार आठवडे मिश्री बंदच हवी. डॉक्टरांनी हा प्रश्न थेट ‘मिश्री’ हाच शब्द वापरून विचारायला हवा.

दुसरी गोष्ट शेकाची. बेंबीखालचा भाग कित्येक महिने बधिर राहतो. बाळंतिणीसारखा शेक किंवा गरम पाण्याची पिशवी तिथे दिली तर भाजल्याचे कळणारही नाही. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांनीही गुठळीचा धोका वाढू शकतो. गर्भनिरोधक गोळ्यांचेही तेच. त्यामुळे अशा गोळ्या घेतल्या असतील, तर आधी सांगावे.

घागर, मूल कडेवर घेणे, भारतीय पद्धतीचे शौचालय, जमिनीवर बसून भाकरी थापणे, हे सगळे सहा आठवडे बंद. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो वजन. या काळात त्याच्या निम्मेही उचलू नये.

लपवाछपवीचा धोका

बाळंतपणाला सव्वा महिना विश्रांती देणारे घर या शस्त्रक्रियेला मात्र ‘हौस’ म्हणते. हौसेला कसली आलीय रजा? मग बाई शेजारी ‘हर्नियाचं ऑपरेशन’ सांगते, कधी सासूलाही तेच सांगते आणि दहाव्या दिवशी ओट्यापाशी उभी राहते. स्वतःच्या शरीराबद्दल स्वतःच्या पैशाने घेतलेला निर्णय हौसेचा असला तरी जखम हौसेची नसते. ज्या घरात किमान एका जाणत्या माणसाला खरे काय ते ठाऊक नाही, तिथे ही शस्त्रक्रिया करूच नये. पोटरी दुखून सुजली, अचानक दम लागला, ताप चढला, नळीतून एकदम लाल रक्त येऊ लागले, तर डॉक्टरांना खरे कोण सांगणार? दम लागणे, छातीत दुखणे ही वाट पाहण्याची लक्षणे नव्हेत; थेट १०८ क्रमांकावर फोन करावा. आणि नवऱ्याने रजा काढायची ती शस्त्रक्रियेच्या दिवसापुरती नव्हे, निदान दोन आठवड्यांची.

विमा मिळतो का?

सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यातून सहसा वगळलेली असते, शिवाय तिच्यावर जीएसटीही लागतो. सोबत खरोखर हर्निया असेल, तर तेवढ्या भागाबाबत कंपनीकडून आधीच लेखी घ्यावे. डॉक्टर प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. आहेत का, भूलतज्ज्ञ कोण, अतिदक्षता विभाग आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

तारीख कधीची घ्यावी?

बैठे काम दोन-तीन आठवड्यांनी, जड काम सहा ते आठ आठवड्यांनी. सूज मात्र सकाळी कमी, संध्याकाळी जास्त अशी काही महिने येत-जात राहते. व्रण वर्ष-दीड वर्ष लालसर किंवा काळपट दिसतो, काहींचा जाड होतो. जातो असा कधीच नाही, साडीखाली झाकला जातो इतकेच. एप्रिल-मेच्या उकाड्यात दिवसभर घट्ट पट्टा बांधून राहणे नकोसे होते. मे महिन्यातल्या लग्नासाठी मार्चमध्ये शस्त्रक्रिया करणाऱ्यांना मांडवात सुजलेले पोट घेऊनच उभे राहावे लागेल. त्यापेक्षा आदल्या दिवाळीचा फराळ उरकला की लगेचची तारीख बरी.