सुगंधी कापड : माल घेण्यापूर्वी विचारायचे तीन प्रश्न



उरणजवळच्या करंजा येथे आमचे कापडाचे लहानसे दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही लव्हेंडरचा सुवास दिलेली बाळांची दुपटी विक्रीस ठेवली. वेष्टनावर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असे छापलेले होते आणि माल भराभर खपला. आठवड्याभरात कोळीवाड्यातील एक आजी नातवाला कडेवर घेऊन आल्या. ‘‘शेठ, वास चांगला हाय, पन पोराची मान बघा,’’ एवढेच त्या म्हणाल्या. मानेच्या घडीत आणि कोपराच्या वळणात लालसर पुरळ उठले होते. डॉक्टरांनी दुपटे बंद करावयास सांगितले आणि काही दिवसांत त्वचा निवळली. पैसे परत केले, परंतु मनाला लागलेली टोचणी काही गेली नाही. आम्ही काय विकतो, हे आम्हांसच ठाऊक नव्हते.

‘वनस्पतीचे आहे, म्हणजे निर्धोक आहे’ हा समज आपल्याकडे खोल रुजलेला आहे. वास्तविक आपल्या आजोबांच्या पिढीस याहून अधिक समज होती. पूर्वी परीट बिब्ब्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करीत आणि डाग पक्का व्हावा म्हणून त्यात चुना मिसळीत. ही खूण धुतल्याने जात नसे; पण कित्येकांना नेमकी त्याच जागी खाज व फोड येत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांना हा त्रास इतका झाला की, वैद्यकीय ग्रंथांत त्यास ‘धोब्याच्या खुणेचा त्वचादाह’ असे स्वतंत्र नाव मिळाले. बिब्बाही झाडाचाच.

सुगंधी तेलांची गोष्ट सौम्य, पण जातकुळी तीच. लव्हेंडरमधील लिनालूल आणि संत्र्या-लिंबाच्या सालीतील लिमोनीन ही द्रव्ये ताजी असता फारशी त्रासदायक नसतात. हवेशी दीर्घकाळ संपर्क आल्यावर त्यांचे ऑक्सिडीकरण होते, आणि त्यातून जी नवी द्रव्ये निर्माण होतात ती त्वचेस ॲलर्जी जडवू शकतात. अशी ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते. पुढे त्याच वासाचा साबण वा अत्तरही सोसत नाही. म्हणूनच युरोपीय संघाने प्रसाधनांच्या वेष्टनावर 26 सुगंधी द्रव्यांची नावे ठरावीक प्रमाणापुढे छापणे बंधनकारक केले आणि 2023 साली ती यादी 80 च्या वर नेली. हा नियम प्रसाधनांचा आहे, कापडाचा नव्हे. दुपटे मात्र अंगाला रात्रभर लागून असते.

यास्तव पुरवठादाराला तीन प्रश्न विचारावेत, आणि उत्तरे लेखी घ्यावीत.

पहिला : तेल कोणत्या वनस्पतीचे, आणि कापडावर केव्हा चढविले? केवळ ‘हर्बल’ हे उत्तर नव्हे. गोदामात वर्षभर पडलेला सुगंधी माल ताज्या मालासारखा मानू नये.

दुसरा : सुवास टिकतो कशाने? तेल बहुधा डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म कुप्यांत भरून कापडावर बसवितात; अंगाशी घासून कुपी फुटते आणि वास दरवळतो. या कुपीचे कवच कधी जिलेटिनचे असते, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचे. कधी कायटोसानचे, जे कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून काढतात. आमच्या करंजाच्या बंदरावर मासळी उतरताना रोज दिसते. तिचाच अंश ‘नैसर्गिक’ या शब्दाआड पूजेच्या वस्त्रात येऊन बसला, तर दोष न विचारणाऱ्याचाच. डिंकाचे वा अन्य वनस्पतिजन्य कवच मिळू शकते. ते मागावे लागते.

तिसरा : फॉर्माल्डिहाइडची तपासणी झाली आहे काय? काही कवचे मेलामाइन-फॉर्माल्डिहाइडची असतात. ओको-टेक्स 100 या मानकानुसार त्वचेस लागणाऱ्या कापडात त्याचे प्रमाण किलोमागे 75 मिलिग्रॅमपर्यंत चालते. बाळांच्या कापडात ते 16 मिलिग्रॅमहून कमी असावे लागते. आमच्याच तालुक्यातील न्हावा-शेवा बंदरातून परदेशी जाणाऱ्या मालासाठी असे दाखले सर्रास मागितले जातात. मग शेजारच्या आजींच्या नातवासाठी ते का मागू नयेत?

घरातील भगिनींसाठी थोडे : नवे सुगंधी कापड आधी धुऊनच वापरावे. तान्ह्या बाळांना आणि ज्यांना इसब आहे त्यांना ते देऊच नये. खाज आली तर कापड बाजूला ठेवावे, पण टाकू नये. त्वचारोगतज्ज्ञांना दाखविण्यास ते उपयोगी पडते. पुरळावर घरचे तेल चोळू नये. कपाटात सुवास हवाच असेल, तर वाळ्याची पुरचुंडी घडीच्या शेजारी ठेवावी. तेल कापडात मुरण्याची गरज नाही.

आमच्या दुकानात आता सुगंधी दुपटी नाहीत. साध्या, धुतलेल्या सुती दुपट्यांना भाव कमी मिळतो. त्या आजी मात्र धाकट्या नातीसाठी पुन्हा आमच्याकडेच आल्या.