रेफरलची वतनदारी

परभणी जिल्ह्यातलं कुठलंही पोरगं घ्या. जिंतूरचं घ्या, पालमचं घ्या, नाहीतर पूर्णेच्या रेल्वेलायनीकडचं घ्या. बाप ऊसतोडीला, नाहीतर मोंढ्यात हमाल. माय रोजानं निंदायला-खुरपायला. पोरगं बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स झालं. विद्यापीठाचा शिक्का असलेला कागद घरात आला, बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवला गेला. गल्लीत पेढे वाटले. आणि दुसऱ्या दिवशी पोराला कळलं, आपण पोचलोबिचलो काही नाही. खरी वेस तर पुढंच आहे.

पदवीपर्यंत सरकारचा हात धरता येतो. भारत सरकारची शिष्यवृत्ती येते. उशिरा येते, पण येते. समाजकल्याणचं वसतिगृह असतं. तिथं नंबर लागला नाही तर स्वाधार योजना असते. हे कुणी दान दिलेलं नाही. १९७८ साली विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, तर गावागावांत आमच्या वस्त्या जाळल्या. पोचीराम कांबळेंचा जीव घेतला. नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्याच वर्षी नांदेडला वेगळं विद्यापीठ निघालं आणि परभणी जिल्हा त्यात गेला. आज परभणीच्या पोराच्या पदवीवर स्वामी रामानंद तीर्थांचं नाव असलं, तरी त्या कागदामागं सोळा वर्षांचा तो लढा आहे.

पण शेवटचा पेपर झाला की सगळं एका झटक्यात तुटतं. शिष्यवृत्ती बंद. वसतिगृहातून ट्रंक बाहेर. पुण्यात नोकरी लागायला सहा महिने लागतात, कधी वर्ष. ते वर्ष पोसायचं कुणी? ज्याचा बाप पोसू शकतो तो 'टॅलेंटेड'. ज्याचा बाप पोसू शकत नाही तो परत मोंढ्यात, मोबाईलच्या दुकानात, नाहीतर झेरॉक्स सेंटरवर दुसऱ्यांचे फॉर्म भरत बसलेला. आणि याला हे लोक मेरिट म्हणतात!

तर या मेरिटची जरा चिरफाड करू.

पहिली चाळणी टक्क्यांची. दहावी, बारावी, पदवी, तिन्हीकडं साठ टक्के पाहिजेत, अशी अट कित्येक कंपन्या घालत आल्या. अट सगळ्यांना सारखीच, नाही का? आईबाप कारखान्यावर कोपीत, आणि पोरानं म्हाताऱ्या आजीजवळ राहून दहावीला अठ्ठावन्न टक्के काढले. दुसऱ्यानं तीन शिकवण्या लावून ब्याण्णव काढले. तराजू एकच! कॉम्प्युटरला फक्त प्रोग्राम चालतो की नाही एवढंच कळतं. दहावीला किती पडले, हे तो बिचारा विचारत नाही. कंपनी विचारते.

दुसरी चाळणी अभ्यासक्रमाची. कित्येक लॅबमध्ये अजून टर्बो सीची निळी स्क्रीन आहे. ते सॉफ्टवेअर १९९० च्या सुमाराचं. लाइट गेली की प्रॅक्टिकल वहीत. कंपनी मात्र विचारते, गिट येतं का? लिनक्स वापरलंस का? डेटाबेसला जोडून स्वतः एखादी वेबसाइट उभी केलीस का? यातलं काहीच ब्रह्मज्ञान नाही. सहा महिने स्वतःचा लॅपटॉप आणि मान मोडून सराव, एवढंच लागतं. पण लॅपटॉप विकत मिळतो आणि सराव पोट भरल्यावर होतो. इथंच क्लासवाले जाळं टाकून बसलेत. शंभर टक्के प्लेसमेंट! बाप मुकादमाकडून उचल घेतो आणि क्लासची फी भरतो. म्हणजे पोरगं कोडिंग शिकतं पुण्यात आणि त्याचं कर्ज फिटतं उसाच्या फडात. काही ठिकाणी तर शेवटी खोट्या अनुभवाचं सर्टिफिकेट हातात देतात. ते पकडलं गेलं की नोकरी जाते पोराची. क्लासवाल्याचं काय जातं?

तिसरी चाळणी मुलाखतीची. स्टॅक सांगितला, क्यू सांगितला, रिकर्शनही जमलं. मग समोरचा हसून विचारतो, 'टेल मी अबाउट युवर फॅमिली.' काय सांगायचं? बाप कोयता चालवतो, हे इंग्रजीत कसं म्हणायचं? आणि म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो? हे आमच्या मनाचे खेळ नव्हेत. अश्विनी देशपांडे आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतल्या विद्यापीठांतून नोकरीकडं निघालेल्या पोरापोरींचा मागोवा घेतला, तो २००७ साली छापून आला. 'कौटुंबिक पार्श्वभूमी' हा प्रश्न दलित पोरांना कसा अडवतो, ते त्यात आहे. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास आला. ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी ठेवली, बदललं फक्त नाव. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं यायची शक्यता दोन-तृतीयांशाच्या आसपास निघाली. मुसलमान नावाची गत त्याहून वाईट. अर्जावर जातीचा रकाना नव्हता. आडनाव पुरलं!

चौथी चाळणी सगळ्यात मुलायम. तिचं नाव रेफरल. कंपनीत जागा निघाली की आतल्या माणसाला आधी कळतं. तो मेव्हण्याचा, वर्गमित्राचा, सोसायटीतल्या काकांच्या पोराचा बायोडाटा आत सरकवतो. पोरगं लागलं की कंपनी वर त्यालाच बक्षीस देते. गावात पाटीलकी, कुळकर्णीपण बापाकडून लेकाकडं जायचं, त्याला वतन म्हणायचे. हिंजवडीत त्याला रेफरल म्हणतात. सनद नाही, शिक्का नाही, तरी आत कोण यायचं ते ठरलेलं.

आणि एवढं करून ऑफर आलीच, तर रूम? 'ओन्ली व्हेज.' आडनाव काय? गाव कुठलं? कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर हजर झाले. राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन हुसकावलं. नोकरी सोडून यावं लागलं. जगातली मोठी पदवी होती, छप्पर नव्हतं. शंभर वर्षं उलटली, घरमालकाची भाषा तेवढी बदलली.

परभणीच्या पोराला आणखी एक चाळणी आहे. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं आणि पोलिसांनी धरपकड केली. अटक झालेला सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचा विद्यार्थी, १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मेला. गुन्हा नोंदवा, एवढा आदेश उच्च न्यायालयाकडून मिळवायला त्याच्या आईला जुलै २०२५ उजाडला. सर्वोच्च न्यायालयानंही तो कायम ठेवला.

आता याचा नोकरीशी संबंध बघा. ऑफर दिल्यावर कंपन्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करतात. पत्ता तपासतात, मार्कशीट तपासतात, कोर्टात काही केस आहे का तेही तपासतात. म्हणजे संविधानासाठी रस्त्यावर आलेल्या पोराचं नाव एफआयआरमध्ये असलं, की हाती आलेली नोकरी टांगणीला. बाप म्हणतो, मोर्चाला जाऊ नको बाबा. बापाला कोण बोलणार? पण ही भीती कुणाच्या सोयीची आहे, ते ओळखा.

आता खासगीवाले म्हणतील, आमची कंपनी, आमचा पैसा, आम्हाला आरक्षण लावू नका. तुमचा पैसा? १९९१ साली सरकारनं सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क काढले. निर्यातीच्या नफ्यावर २०११ पर्यंत आयकर माफ होता. हिंजवडीची जमीन एमआयडीसीनं संपादन करून दिली. जमीन जनतेची, सवलत जनतेच्या तिजोरीतून, आणि दार मात्र खासगी! २००६ साली आरक्षणाचा विषय निघाला तेव्हा उद्योगपतींच्या समितीनं सांगितलं, कायदा नको, आम्ही स्वखुशीनं करू. ही खुशी अजून परभणीपर्यंत आलेली नाही. आता तर जागाच आटत चालल्यात. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं बारा हजारांहून जास्त माणसं कमी करायचं जाहीर केलं. जागा आटल्या की पहिला मार कुणाला? ज्याची आत ओळख नाही त्याला.

म्हणून मागण्या सरळ आहेत. खासगी क्षेत्रात आरक्षणाचा कायदा करा. तो होईपर्यंत सरकारी जमीन आणि सवलत खाणाऱ्या प्रत्येक कंपनीनं आपल्याकडं कुठल्या प्रवर्गाचे किती लोक, कुठल्या पदावर, हे दरवर्षी जाहीर करावं. पदवीनंतर एक वर्ष स्वाधार आणि वसतिगृह चालू ठेवा. परभणीतल्या आंदोलकांवरचे गुन्हे मागं घ्या. नुसत्या प्रलंबित केसवरून नोकरी नाकारायला बंदी करा.

पण मित्रांनो, सगळंच सरकारकडं मागून आपण मोकळं व्हायचं का? आपलेही लोक हिंजवडीत, खराडीत बसलेत. थोडे आहेत, पण आहेत. त्यातले काही १४ एप्रिलला निळा झेंडा स्टेटसला ठेवतात आणि ऑफिसात आडनाव गिळतात. त्यांना भीती आहे, ते समजतं. पण गावाकडच्या पोराचा फोन का उचलत नाहीत, ते समजत नाही. १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याला शिकलेल्यांबद्दल बाबासाहेब काय दुःखानं बोलले होते, ते यांना कुणीतरी आठवण करून द्या.

रेफरलचं वतन सवर्णांच्या बापाचं नाही. आपणही वापरू शकतो, आणि उघडपणे वापरू. पुण्यातल्या प्रत्येक कमावत्यानं वर्षात एका पोराला किंवा पोरीला सहा महिने रूमवर ठेवावं. जुना लॅपटॉप विकू नये, पूर्णेला पाठवावा. परभणीतल्या प्रत्येक विहारात रविवारी दोन तास कोडिंग आणि इंग्रजी बोलायचा वर्ग चालावा. पोरींना आधी बसवा, कारण घरचे त्यांना एक वर्षसुद्धा देत नाहीत. पदवी झाली की लग्न. बीएस्सी-बीसीएवाल्यांना विप्रो, टीसीएससारख्या कंपन्या वेगळ्या वाटेनं घेत आल्या. त्या परीक्षांच्या तारखा वस्तीत भिंतीवर लावा. व्हॉट्सॲपवर 'जयभीम' टाकणारे हजार आहेत. त्यासोबत एक जागेची माहिती टाका.

हे केलं म्हणजे क्रांती झाली, असं कुणी समजू नये. दहा पोरं लागतील, हजार बाहेर राहतील. त्या हजारांसाठी कायदाच लागेल आणि कायद्यासाठी रस्ताच लागेल. पण तोवर जो आत गेला, त्यानं दार धरून उभं राहावं. मागचा आत येईस्तोवर.