‘काहीतरी शक्ती आहे’: काशीदची पुळण आणि १८५७चा वाद

१/ काशीदच्या पुळणीवर सूर्य मावळू लागला की एक वाक्य हमखास कानी पडते: “देवबिव ठाऊक नाही, पण काहीतरी शक्ती आहे.” मुंबई-पुण्याकडे परतणाऱ्या गाड्यांत या वाक्याला शेपूट फुटते. ख्रिस्ती लोकांचा देव म्हणजे आभाळात बसलेला, रागावणारा, लोभावणारा कोणी मोठा माणूस. आपल्या पूर्वजांना मात्र फार आधीपासून निराकार शक्तीचे ज्ञान होते. ब्रह्म म्हणजे तीच. पश्चिमेकडे व्यक्तिरूप ईश्वर, पूर्वेकडे अव्यक्त तत्त्व, असा हा नकाशा आहे. तो सुटसुटीत आहे आणि चुकीचा आहे.

२/ चूक दिसण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. काशीदच्या उत्तरेस कुंडलिका खाडीच्या मुखाशी कोर्लई आहे. १७४० मध्ये मराठ्यांच्या रेट्यापुढे पोर्तुगीजांनी चौल-रेवदंडा सोडले, पण तिथला ख्रिस्ती समाज उरला. ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, या नावाची त्यांची पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली आजही घरांत चालते. त्याच पट्ट्यात नौगाव, रेवदंडा, मुरूड येथे बेने इस्रायलांची घरे होती. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ते ‘शनवार तेली’. दक्षिणेस मुरूड-जंजिऱ्याला सिद्दींचे राज्य होते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करणारा कोळी तर सगळीकडेच आहे. यांपैकी कोणाच्याही नित्याच्या उपासनेत न ऐकणारी, न पाहणारी शक्ती सापडत नाही. सगळे कोणाला तरी हाक मारतात. म्हणजे ज्या किनाऱ्यावर उभे राहून ‘आपली परंपरा’ सांगितली जाते, तिथल्याच परंपरांची गाठ पडलेली नसते.

३/ आधी शब्दांचा घोळ सोडवला पाहिजे, कारण निम्मा वाद तिथेच आहे. ‘निराकार’ म्हणजे ज्याला आकार नाही. ‘निर्गुण’ म्हणजे ज्याला गुण लावता येत नाहीत. ‘अव्यक्तिक’ म्हणजे जो जाणत नाही, इच्छित नाही, ज्याला ‘तू’ म्हणता येत नाही. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यूंचा आणि मुसलमानांचा ईश्वर निराकार आहे, तरी तो ऐकतो. ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या समाजाने मूर्ती नाकारली आणि स्वतःचे नाव ठेवले ‘प्रार्थना समाज’. ऐकणाराच नसेल तर प्रार्थना कोणाची? न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांचा ईश्वर निराकार होता, पण दयाळू आणि न्यायी होता. निर्गुणाचा कवी म्हणून ओळखला जाणारा कबीरही त्या निर्गुणाला ‘राम’ म्हणून साद घालतोच.

४/ ख्रिस्ती बाजूही तितकीच विकृत करून सांगितली जाते. ‘व्यक्तिरूप ईश्वर’ म्हणजे दाढीवाला म्हातारा, असे कोणत्याही जबाबदार ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञाने म्हटलेले नाही. तेराव्या शतकातला टॉमस अक्विनास तर सांगतो की ईश्वर काय आहे यापेक्षा काय नाही हेच माणसाला अधिक कळते. उपनिषदांचे ‘नेति नेति’ ज्याच्या कानी गेले आहे त्याला हे परके वाटू नये. शिवाय त्रैक्याच्या सिद्धान्तात ईश्वर एक आणि ‘व्यक्ती’ तीन. तिथे ‘व्यक्ती’ हा शब्द देवदत्त-यज्ञदत्त या अर्थाने चालतच नाही. ख्रिस्ती दावा एवढाच, पण तो फार मोठा: विश्वाच्या मुळाशी जे आहे ते जाणते, प्रेम करते आणि जाब विचारते. हा दावा नाकारता येतो. मात्र जो केलाच नाही तो खोडून विजय मिरवणे हे वादशास्त्रात बसत नाही.

५/ आता १८५७. त्या वर्षी जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर उघड्यावर एक वाद चालला. एका बाजूला जॉर्ज बोवेन हे अमेरिकन मिशनरी आणि त्यांचे सहकारी. दुसऱ्या बाजूला विष्णुबुवा ब्रह्मचारी: मूळचे विष्णु भिकाजी गोखले, जन्म १८२५, गाव माणगाव तालुक्यातले शिरवली. म्हणजे काशीदच्याच जिल्ह्यातला माणूस. शिक्षण बेताचे, पोटासाठी कस्टम खात्यात नोकरी, ऐन तारुण्यात ती सोडून सप्तशृंगीच्या डोंगरात तप, आणि पुढे गावोगाव व्याख्याने. १० मेला मेरठेत शिपाई उठले तरी मुंबईच्या वाळूत ब्रह्माची चर्चा लगेच थांबली नव्हती.

६/ विष्णुबुवांची भूमिका अद्वैताची होती. १८५९ साली आलेल्या ‘वेदोक्त धर्मप्रकाश’ या जाडजूड ग्रंथात ती सविस्तर आहे. मिशनऱ्यांच्या ईश्वरावर अद्वैती बाजूने येणारे आक्षेप साधे नव्हते. जो रागावतो तो बदलतो, आणि जो बदलतो तो पूर्ण कसा? ज्याने सगळे निर्माण केले त्यानेच मोहही निर्माण केला असेल, तर शिक्षा माणसालाच का? एका काळात, एका देशात, एका देहात प्रकटलेले सत्य सगळ्यांवर बंधनकारक कसे? हे प्रश्न आजही शिळे झालेले नाहीत. ‘सगळे धर्म एकच’ असे म्हणून ते मिटत नाहीत.

७/ पण याच विष्णुबुवांना ‘काहीतरी शक्ती आहे’ या पंथाचे आद्य पुरुष ठरवायला जावे, तर ते हाती लागत नाहीत. अद्वैतातले ब्रह्म ही जगामागची शक्ती नव्हे. शक्ती, माया, घडामोड हे सारे व्यवहाराच्या पातळीवरचे. ब्रह्म म्हणजे शुद्ध चैतन्य, आणि ते तूच आहेस, असा तो सिद्धान्त. विजेसारखी कुठेतरी वाहणारी, संकल्प केला की नोकरी आणि लग्न जुळवून देणारी ‘ऊर्जा’ शंकराचार्यांपुढे ठेवली असती तर त्यांनी तिला जड पदार्थांत टाकले असते. आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. विष्णुबुवा डोंगरातून खाली उतरले ते, त्यांच्याच सांगण्यानुसार, दत्तात्रेयाच्या आज्ञेने. आज्ञा तत्त्व करीत नाही. आज्ञा करायला कोणीतरी लागते.

८/ विष्णुबुवांच्याच वर्षी, १८२५ मध्ये, जन्मलेला दुसरा चित्पावन म्हणजे नीळकंठशास्त्री गोरे. घराणे कोकणातले, वाढ काशीतली, अभ्यास न्याय-वेदान्ताचा. मिशनऱ्यांना वादात हरवण्यासाठी हा तरुण पंडित त्यांच्याकडे जाऊ लागला आणि १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाला. १८६० साली त्याने हिंदीत ‘षड्दर्शन दर्पण’ लिहिले. दोनच वर्षांनी फिट्झ-एडवर्ड हॉल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. निर्गुण ब्रह्मावर हिंदुस्थानातल्याच पंडिताने चढवलेला त्या शतकातला हा बहुधा सर्वांत धारदार हल्ला होय.

९/ गोऱ्यांचा मुख्य प्रश्न असा: ब्रह्म ज्ञानस्वरूप आहे म्हणता, पण ते काहीच जाणत नाही, आनंदस्वरूप म्हणता, पण तो आनंद भोगणारे कोणी नाही. मग या ज्ञानात आणि दगडाच्या अज्ञानात फरक तो काय? आणि मुक्ती म्हणजे त्यातच मिसळणे असेल, तर ती कोणी का मागावी?

उत्तर अद्वैताकडे आहे. शंकराचार्यांचा सूर्याचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे: प्रकाशित करण्याजोगे समोर काही नसले तरी सूर्य प्रकाशतोच. जाणणे ही क्रिया नव्हे, ते स्वरूप आहे. गोऱ्यांनी या उत्तराला पुरेसा न्याय दिला असे म्हणवत नाही. वकिलाच्या चतुराईने त्यांनी ‘ज्ञान’ शब्दाचा लौकिक अर्थच धरून ठेवला. तरी त्यांच्या प्रश्नाचा दुसरा भाग शिल्लक राहतो. सूर्य प्रकाशतो, कबूल. पण सूर्याला गाऱ्हाणे सांगता येत नाही.

१०/ मिशनऱ्यांची एक लबाडीही नोंदवली पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर आणि जॉन विल्सन यांचा मुंबईत वाद झाला. पुढच्याच वर्षी विल्सननी हिंदू धर्माचे दोष दाखवणारे पुस्तक काढले. त्या परंपरेत पुराणांतले देव फारच माणसासारखे म्हणून त्याज्य आणि वेदान्तातले ब्रह्म माणसासारखे मुळीच नाही म्हणूनही त्याज्य. मांजर कोणत्याही कुशीवर पडो, दोष तिचाच. जुन्या करारातला परमेश्वर मात्र रागावतो, पस्तावतो, आपली प्रजा निवडतो. तिथे ‘ही माणसाच्या भाषेत केलेली मांडणी आहे’ ही सवलत तयार. तीच सवलत पुराणांना का नसावी, याचे समाधानकारक उत्तर त्या वाङ्मयात मिळत नाही.

११/ आता त्या नकाशाकडे परत. पूर्व म्हणजे अव्यक्त तत्त्व हे खरे असते, तर रामानुज आणि मध्व यांचे काय करायचे? दोघेही वेदान्ती, आणि दोघांचा परमेश्वर गुणसंपन्न, भक्ताला ओळखणारा. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभव’ लिहिला आणि विठ्ठलाचे अभंगही लिहिले. उलट पश्चिमेत सतराव्या शतकातच स्पिनोझाने ईश्वर आणि निसर्ग एकच ठरवून व्यक्तिरूप देव मोडीत काढला होता.

आणि गंमत पुढेच आहे. १८७५ मध्ये न्यूयॉर्कला थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन झाली. फेब्रुवारी १८७९ मध्ये मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट बोटीने मुंबईत उतरले. १८८२ मध्ये अड्यारला जाईपर्यंत त्यांचे ठाणे मुंबईतच होते. व्यक्तिरूप ईश्वर त्यांना मान्य नव्हता; त्यांना हवे होते अव्यक्तिक, विश्वव्यापी तत्त्व. इंग्रजी शिकलेल्या वर्गात ते थाटात वाढले गेले. ‘आपल्याहून थोर शक्ती’ हा आज सर्वतोमुखी झालेला शब्दप्रयोगही १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या दारूमुक्तीच्या चळवळीने जगभर नेला. तिथे तो मुद्दाम मोघम ठेवला होता, कोणाचाही कोणताही देव त्यात बसावा म्हणून. तेव्हा काशीदच्या वाळूत जे ‘प्राचीन भारतीय ज्ञान’ म्हणून उच्चारले जाते, त्यातला मोठा वाटा बोटीनेच आलेला आहे. ख्रिस्ती देव परका म्हणून हिणवायचा, तर हाही प्रवासी तितकाच परका.

१२/ या वादात पणाला काय लागले होते, हे पाहिल्याशिवाय त्याची धग कळत नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर मोडले. लक्ष्मीबाई अनेक वर्षे नवऱ्यापासून दूर राहिल्या. त्यांनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि मधल्या काळाची वेदना ‘स्मृतिचित्रे’त पुढे लिहून ठेवली. टिळक सांगत की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकारामाच्या पुलावरून. ज्याने तुकोबा वाचला आहे त्याला कारण समजावून सांगावे लागत नाही: देवाशी भांडण्याची, रुसण्याची, त्याला आई म्हणण्याची सवय त्या पुलावर लागते. टिळकांनी ख्रिस्तालाही आई आणि गुरू म्हटले. ते परके काही स्वीकारत होते की घरचेच दुसऱ्या नावाने हाकारत होते, यावर मतभेद होऊ शकतात. पण ‘मराठी मनाला व्यक्तिरूप देव रुचत नाही’ असे म्हणायला टिळकांनंतर जागा उरत नाही. तशी ती १६१६ नंतरही नव्हती, कारण त्या वर्षी फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या सुमारे ११,००० मराठी ओव्या छापून झाल्या होत्या.

१३/ पंडिता रमाबाईंनी तर दोन्ही बाजूंना सुखाने झोपू दिले नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. गोऱ्यांच्या लेखनाचा त्यांच्या निर्णयात वाटा होता. पण त्रैक्याचा सिद्धान्त पटत नाही असे त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांना पत्रांतून ठणकावले आणि आज्ञाधारकपणाचे उपदेश परतवले. त्यांना ऐकणारा ईश्वर हवा होता. त्याच्या वतीने बोलणारे मध्यस्थ नको होते.

१४/ जोतीराव फुल्यांचा ‘निर्मिक’ याच जागी येतो. मूर्ती नाही, अवतार नाही, पुरोहित नाही. परंतु तो उदासीन तत्त्वही नाही: सर्व माणसे त्याची लेकरे, म्हणून सर्वांचे हक्क समान. १८९१ मध्ये निधनोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’ची सगळी इमारत या पायावर आहे. सारे काही ब्रह्मच असेल तर पाणवठ्यावर अडवणारा आणि अडवला गेलेला, दोघेही ब्रह्मच; या विधानाने दुसऱ्याची तहान भागत नाही. चोखोबांचे अभंग विठोबाला जाब विचारतात, कारण जाब विचारायला समोर कोणी असावे लागते. ज्याला काहीच मागायचे नाही, ज्याची कोणतीच तक्रार नाही, त्याला निर्विकार शक्ती पुरते. सुट्टीच्या संध्याकाळी ती पुरते यात आश्चर्य नाही.

१५/ इथे एक प्रामाणिक अडचण आहे. गाऱ्हाणे असलेल्या प्रत्येकाने व्यक्तिरूप देवच निवडला, असेही नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्यासह लाखोंनी जो धम्म स्वीकारला, त्यात सृष्टिकर्ता ईश्वरच नाही. पण त्यांनी त्याच्या जागी धूसर ‘शक्ती’ही बसवली नाही. जागा रिकामी आहे असे सांगितले आणि जबाबदारी माणसावर टाकली. विष्णुबुवा, गोरे, फुले, आंबेडकर: चौघांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत, पण प्रत्येकाने आपल्या उत्तराची किंमत मोजली.

१६/ गोऱ्यांची किंमत सर्वांत विलक्षण. वेदान्त खोडून काढणारा हा पंडित बाप्तिस्म्यानंतरही दीर्घकाळ शंकांनी ग्रासलेला होता. ज्याला इतरांपुढे सिद्ध केले तोच त्याला अधूनमधून निसटून जाई. १८९५ मध्ये मुंबईत त्याचा अंत झाला, टिळकांच्या बाप्तिस्म्याच्याच वर्षी. विष्णुबुवा त्याआधीच, १८७१ मध्ये गेले होते.

१७/ किनाऱ्यावरच्या त्या वादाची दोन्ही बाजूंची नोंद उपलब्ध आहे. बोवेन यांची इंग्रजी नोंद १८५७ सालीच छापली गेली. मराठी ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ विष्णुबुवांच्या निधनानंतर, १८७२ मध्ये आला. दोन्ही वृत्तान्तांत आपलीच सरशी झाल्याचा सूर आहे, म्हणून एकच वाचून थांबू नये. आधी मराठी वाचावा, मग बोवेन, आणि एका पक्षाने विचारलेला प्रश्न दुसऱ्याच्या नोंदीत कुठे आखूड होतो किंवा गायब होतो, तेवढ्या जागांवर पेन्सिलीने खुणा कराव्यात.