मैदान एकाचं, क्लब दुसऱ्याचा

लंडनच्या आग्नेयेला, थेम्सच्या काठी चार्लटन नावाची कष्टकऱ्यांची वस्ती. तिथल्या पोरांनी १९०५ साली ‘चार्लटन ॲथलेटिक’ हा फुटबॉल क्लब काढला. बरीच वर्षं या मैदानावरून त्या मैदानावर फिरल्यावर १९१९ मध्ये त्याला जागा मिळाली, ती एका पडीक खाणीत. मजूर लावायला पैसे कुठले? वस्तीतलीच माणसं कुदळ-फावडी घेऊन खाली उतरली. तळ सपाट करून खेळायची जागा केली आणि भोवती मातीचे उतार रचले. त्या उतारांवर उभं राहून लोक सामने बघू लागले. हेच ते ‘द व्हॅली’. १९३८ साली ॲस्टन व्हिलाविरुद्धच्या एफए कप सामन्याला इथे ७५,०३१ प्रेक्षक होते.

घामानं उभारलेलं हे मैदान हातचं गेलं, ते कागदावरच्या मालकीपायी. १९८४ मध्ये दिवाळखोरीत निघालेला क्लब नव्या मालकांनी वाचवला, पण मैदान जुन्या अध्यक्षाकडेच राहिलं. पुढच्या वर्षी ब्रॅडफर्डच्या स्टेडियममध्ये आग लागून ५६ जण गेले. देशभर सुरक्षेचे नियम कडक झाले आणि व्हॅलीचा पूर्वेकडचा अवाढव्य उतार बंद करावा लागला. दुरुस्तीचा खर्च क्लबला झेपणारा नव्हता, त्यात मैदानाच्या मालकाशी जमेना. सप्टेंबर १९८५ मध्ये सामन्याला आलेल्यांच्या हाती एक पत्रक पडलं: यापुढचे घरचे सामने क्रिस्टल पॅलेस या दुसऱ्या क्लबच्या सेल्हर्स्ट पार्कवर.

पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं असं एका पत्रकानं तोडणं हा उघड अन्याय होता. चार्लटनच्या लोकांनी तो अन्याय मानला, हे महत्त्वाचं. १९८९ मध्ये परतण्याची घोषणा झाली, तेव्हा शेकडो लोक उजाड व्हॅलीवर जमले. कमरेइतकं माजलेलं रान त्यांनी उपटलं आणि मैदानातच त्याचे ढीग पेटवले.

मग स्थानिक ग्रिनिच कौन्सिलनं व्हॅलीवरच्या नव्या स्टेडियमचा आराखडा फेटाळला. निवेदनं देऊन झाली होती, सभाही गाजवून झाल्या होत्या. तेव्हा चाहत्यांनी थेट राजकीय पक्षच काढला, ‘व्हॅली पार्टी’. मे १९९० च्या स्थानिक निवडणुकीत पक्षानं ६० उमेदवार उभे केले. जाहीरनाम्यात मागणी एकच होती, क्लबला घरी आणा. पक्षाला जागा एकही मिळाली नाही. मतं मात्र १४,८३८ पडली, एकूण मतदानाच्या जवळपास ११ टक्के. नियोजन समितीचे अध्यक्ष पडले. पुढच्याच वर्षी आराखडा मंजूर झाला, चाहत्यांनी खिशातून पैसे घातले आणि ५ डिसेंबर १९९२ रोजी व्हॅलीवर पुन्हा सामना झाला. कॉलिन वॉल्शच्या एकमेव गोलवर चार्लटननं पोर्टस्मथला हरवलं. क्रीडांगण हा महापालिकेच्या निवडणुकीचा मुद्दा होऊ शकत नाही, असं म्हणणाऱ्यांनी ही मतमोजणी जरूर बघावी.

एवढं होऊनही मूळ दुखणं राहिलंच. बेल्जियन उद्योगपती रोलाँ ड्युशातले यांनी २०२० च्या सुरुवातीला क्लब विकला आणि मैदान मात्र स्वतःकडे ठेवलं. १९८४ सारखीच स्थिती पुन्हा आली. त्यानंतर क्लबचे मालक आणखी बदलले, संघ खाली घसरला आणि २०२५ मध्ये वर चढलाही; पण ज्या जमिनीवर तो खेळतो ती २०२० मध्ये क्लब विकला गेला तेव्हाच त्याची राहिली नव्हती.

ब्रिटनच्या २०२५ च्या फुटबॉल कायद्यानं आता क्लबला आपलं मैदान विकण्याआधी किंवा सोडण्याआधी स्वतंत्र नियामकाची परवानगी घेणं बंधनकारक केलं आहे. हे पाऊल चाळीस वर्षं उशिरा पडलं, तरी योग्य आहे. मात्र त्याचा रोख पुढच्या व्यवहारांवर आहे. क्लबपासून आधीच तुटलेल्या मैदानांचं काय? अशी जमीन वाजवी दरात परत घेण्याचा पहिला हक्क क्लबला आणि त्याच्या चाहत्यांच्या संस्थेला कायद्यानंच द्यायला हवा, आणि त्याची सुरुवात व्हॅलीपासून व्हावी.